मरिच आणि मिरची : वैशाखांतील एक पेय

वैशाख लागला कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दुपारीं घरोघरीं पन्ह्याचें पातेलें निघतें. त्यांत चिमूटभर मिरपूड घालण्याची आमच्या घरची जुनी चाल. गोड, आंबट व खारट या तीन रसांस चौथ्या तिखटाची जोड मिळाली, म्हणजे पेयास जो खुमासदारपणा येतो, तो नुसत्या सरबतांत कोठून असणार ?

गेल्या वर्षीं मात्र ऐन वेळीं डब्यांतील मिरीं संपलीं. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. तें पांडित्य येथें आड आलें. "मरिच आणि मिरची हीं एकाच शब्दाचीं रूपें; सांदवाडींतल्या दोन हिरव्या मिरच्या वाटून घाला," असें मीं सूनबाईस फर्माविलें. "बाबा, मुलेंहि पिणार आहेत," असें तिनें सुचवून पाहिलें. परंतु ऐकतो कोण! सहा वर्षांच्या नातवानें पहिला घोट घेतला आणि टाहो फोडला. मीं पाण्यावर पाणी पाजलें; आग कांहीं शमेना. शेवटीं सूनबाईनें गार दुधाचा पेला त्याच्या ओठीं लावला, तेव्हां पोर शांत झालें. माजघरांतून आई म्हणाली, "अरे, नांव सारखें म्हणून गुण सारखा होतो काय ?"

आईचा प्रश्न शास्त्रास धरून होता. मिरीं हीं मलबारकडील एका वेलीचीं फळें. मिरची मूळची अमेरिका खंडांतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली, आणि तिखटपणाच्या साम्यामुळें मिऱ्यांचें नांव तिला चिकटलें. दोहोंचें कुळ निराळें, तिखट द्रव्यहि निराळें : मिऱ्यांत पायपेरीन, मिरचींत कॅप्सेसिन, आणि दुसरें पहिल्याहून कितीतरी तीव्र. उष्णतेचा चटका ओळखणारी जी यंत्रणा जिभेंत असते, तिलाच हीं द्रव्यें चेतवितात. म्हणून भाजल्याचा भास होतो. या यंत्रणेच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांस २०२१ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं. दुधांतील केसीन नामक प्रथिन मात्र त्यास धरून वाहून नेतें. माझें पाणी व्यर्थ गेलें व सूनबाईचें दूध लागू पडलें, तें यामुळें.

तरी मिरचीस हद्दपार करण्याचें कारण नाहीं. मेक्सिकोंतील अझ्टेक लोक तर कोकोच्या पेयांतहि ती घालीत. फक्त ती पातेल्यांत न घालतां पेल्यांत घालावी, म्हणजे झालें.

दोन मोठ्या कैऱ्या उकडून गर काढावा. वाटीभर गरास दीड वाटी चिरलेला गूळ, एक लहान चमचा मीठ, अर्धा चमचा भाजल्या जिऱ्याची पूड आणि आठ मिरीं ताजीं कुटून घालावीं. पांच-सहा पेले थंड पाणी ओतून ढवळावें, गाळावें, आणि वर पुदिन्याचीं दहा-बारा पानें चुरडून टाकावीं. हें पन्हें सर्वांचें.

त्यांतील अर्धी वाटी पन्हें निराळें काढावें. एका हिरव्या मिरचीची आंतील पांढरी शीर काढून (तिखटाचें मुख्य ठाणें तेंच, बिया नव्हेत) ती बारीक वाटून या वाटींत मिसळावी. तिखट विरघळत नसल्यानें दर वेळीं ढवळूनच घ्यावें, आणि ज्यानें त्यानें आपल्या पेल्यांत झेपेल तेवढेंच घालावें. पित्ताचा त्रास असणारांनीं ही वाटी दूरच ठेवावी. मिरची हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. तोंवर ते डोळ्यांस लावूं नयेत.

आणखी एक सूचना. भंडारा हा पितळी भांड्यांबद्दल प्रसिद्ध गांव खरा. परंतु कल्हई नसलेल्या पितळेंत आंबट पेय कळकतें. पन्हें चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यांतच ठेवावें.

यंदा पन्हें झालें, तेव्हां नातवानें वाटींत चमच्याचें टोंक बुडविलें, एक थेंब आपल्या पेल्यांत टाकला, चाखून पाहिला, आणि मला विचारलें, "आजोबा, तुम्हांला किती घालूं ?"

उत्तर देण्यापूर्वीं मीं सूनबाईकडे पाहिलें.