थकवा, आळस आणि घरची माणसे

ताप उतरला म्हणजे आजार संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते. परंतु २०२०-२१ च्या कोविडाने इतरत्र दाखविले तेच अहिल्यानगर जिल्ह्यातील कुटुंबांसही दाखविले, की ताप जाऊन महिने लोटले तरी काही माणसे पूर्ववत् होत नाहीत. पुष्कळांचा थकवा यथाकाल ओसरला. ज्यांचा ओसरला नाही त्यांपैकी काहींची लक्षणे ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या विकाराशी जुळतात.

अशा घरी वाद ठरलेलाच. आजेसासूबाई शतावरीचे दूध सुचवितात. मामंजी म्हणतात, “सूनबाई, पहाटे भुईकोटापर्यंत चालून येत जा, अंग मोकळे होईल.” जाऊबाई बोलत नाहीत, पण भांडी जरा जोराने ठेवतात. आणि आपण खरोखर आळशी तर नाही ना, अशी शंका बिचाऱ्या सुनेसच येऊ लागते.

आळशास काम नको असते. या रोग्यास काम हवे असते, पण केलेल्या कामाचे जबर व्याज त्यास मागाहून भरावे लागते. हे व्याज हीच या विकाराची मुख्य खूण होय. न्हाणे, चार पोळ्या लाटणे एवढ्यानेही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सर्व लक्षणे बळावतात. झोपेने ताजेपणा येत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही, उभे राहिल्यास घेरी येते.

श्रमावाचून येणाऱ्या थकव्यास सुश्रुताने ‘क्लम’ असे वेगळे नाव दिले आहे, आणि निरोग्यानेही व्यायाम अर्ध्या बळानेच करावा असे सांगितले आहे. क्लम म्हणजे हाच विकार, असा आमचा दावा नाही. परंतु प्रत्येक थकवा आळसातून येत नाही, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

पाश्चात्त्य वैद्यकातही हा वाद कमी माजला नाही. व्यायाम ठराविक प्रमाणाने वाढवीत न्यावा, असे इंग्लंडात २००७ पासून अधिकृतपणे सांगितले जाई. २०११ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या ‘पेस’ प्रयोगाने त्यास पुष्टी दिली. त्याच्या मोजमापाच्या रीतीवर रोग्यांनी व संशोधकांनी कडक आक्षेप घेतले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘नाईस’ या तेथील संस्थेने तो उपचार या रोग्यांस देऊ नये असे ठरविले. मानसोपचार आधारापुरता राहिला, रोगहारक म्हणून नव्हे.

मग मनाचा व घराचा काहीच संबंध नाही काय? गोव्यातील सुमारे २,५०० स्त्रियांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा १२ जणींस सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनशी आढळला नाही. दारिद्र्य, खिन्नता व घरातील जाच यांच्याशी मात्र आढळला. तो सर्वसामान्य थकवा होता, प्रस्तुत विकार नव्हे. तरीही थकलेल्या बाईस लोहाच्या गोळ्या देऊन मोकळे होऊ नये, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

तात्पर्य, प्रथम डॉक्टरांकडून पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह, क्षय आणि शाकाहारी घरांत विशेषेकरून बी-१२ ची उणीव यांची तपासणी करून घ्यावी. त्यांत काही न आढळल्यास रामबाण औषधाच्या मागे धावू नये. ते अद्याप कोणापाशी नाही. शिलकीबाहेर खर्च न करणाऱ्या गृहिणीप्रमाणे रोग्याने शक्ती वापरावी: थकण्यापूर्वीच थांबावे, बसून भाजी चिरावी, आणि बऱ्या दिवशी साचलेली सर्व कामे एकदम उरकण्याचा मोह टाळावा. या मार्गाने पूर्ण बरी होणारी प्रौढ माणसे थोडी. तथापि पुष्कळांच्या प्रकृतीस स्थैर्य येते.

मात्र हा हिशेब एकट्या रोग्यास पाळता येत नाही. एकत्र कुटुंबात कामे वाटून घेण्यास हात पुष्कळ असतात. ते हात पुढे करणे आणि “अजून बरे वाटत नाही का?” हा प्रश्न काही दिवस न विचारणे, ही शुश्रूषा आजच, विनामूल्य, प्रत्येक घरी सुरू करता येण्याजोगी आहे.