दारातला ओटा घरात आला

वऱ्हाडात ‘ओटा’ म्हटलं की जुन्या माणसाला अजूनही घरासमोरचा ओटा आठवतो. मातीचा, शेणानं सारवलेला. उन्हं कलली की चार माणसं येऊन टेकायची आणि कापसाच्या भावापासून कुणाच्या सोयरिकीपर्यंत सगळं तिथंच निघायचं. स्वयंपाकाशी त्या ओट्याचा काडीचा संबंध नव्हता. स्वयंपाक आत, खाली बसून. ठेचा पाट्यावर, भाकरी परातीत, चूल समोर. घरातली बाई उभी राहायची ती पाणी भरायला नाहीतर धुणं वाळत घालायला.

तिला उभं केलं गॅसनं. शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा वर असली पाहिजे, हा गॅसचा पहिला नियम. म्हणजे शेगडीखाली काहीतरी उंच हवंच. शहरात ते आधी झालं. खेड्यांत २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर कितीतरी घरांत विटांच्या दोन थप्प्यांवर एक कडप्प्याची पाटी टाकून ‘किचन ओटा’ उभा राहिला. दारातला ओटा असा आत आला आणि बायकांचा झाला. तो कसा असावा हे मात्र बहुतेक घरांत अजूनही ठेकेदार आणि घरधनी ठरवतात. ते दोघंही त्याच्यापुढे कधी तासभर उभे राहत नाहीत.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. दोन गावांत शंभरेक किलोमीटरचं अंतर आणि माझ्या वाट्याला तीन ओटे आले. चौथा नुकताच भाचीसाठी बघून दिला. एवढ्या भांडवलावर हा लेख.

आधी आपल्याच दगडाचं बघू. वऱ्हाड सगळं काळ्या पाषाणावर बसलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत हे. गाविलगड, नरनाळा, बार्शीटाकळीचं हेमाडपंती देऊळ, बाळापूरची छत्री, बहुतेक त्याच दगडाचं. आपले पाटे, वरवंटे, जातीही त्याचीच. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हाही मला आधी खडी आठवली. इतका दगड पायाखाली असून ओट्याला मात्र तो चालत नाही. लाव्हा थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडलेल्या असतात, कुठे वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं राहिलेली असतात. पाट्यापुरता तुकडा निघतो, पण आठ-दहा फुटांची अखंड पाटी निघत नाही. म्हणून ओट्याचा दगड परका: दक्षिणेतून आंध्र-तेलंगणाचा, नाहीतर उत्तरेतून राजस्थानचा.

पहिला मान कडप्प्याचा. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळसर चुनखडीचा दगड. थरांत निघतो, सपाट निघतो, म्हणून स्वस्त पडतो. जमिनीवरची शहाबादी आणि कोटा फरशी हे त्याचेच भाऊबंद, तीही चुनखडीच. आणि चुनखडी म्हटलं की आंबटाशी वैर आलं. आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात कडप्प्याचा ओटा होता. एका उन्हाळ्यात आईनं लोणच्याच्या कैऱ्या चिरून त्याच ओट्यावर पसरल्या. संध्याकाळी उचलल्या तर खाली प्रत्येक फोडीचा पांढुरका ठसा. आठवडाभर आई ते डाग घासत होती, आणि मग कळलं की हा डाग नव्हताच. कैरीच्या आंबटानं वरचं पॉलिश खाल्लं होतं, दगडच तेवढा झिजला होता. घासून तो कसा जाणार? पुन्हा पॉलिश करणं हा एकच उपाय. आईनं वऱ्हाडी उपाय केला: फडक्याला जवसाचं तेल लावून ओटा पुसायचा. जवसाचं तेल हवेवर वाळून पातळ साय धरतं, दगड पुन्हा काळा दिसतो. महिनाभर टिकायचं. कडप्प्याचा दुसरा दोष म्हणजे त्याचे पापुद्रे सुटतात, विशेषतः मोरीच्या कडेला. पण कमी पैशांत, जाड पाटीचा, भक्कम ओटा हवा असेल तर आजही मी त्याला नाही म्हणणार नाही. आणि आता ग्रॅनाईटच्या ओट्याखालचे उभे आधार, मधल्या फळ्या कडप्प्याच्याच असतात. तिथं त्याचं उत्तम चालतं, कारण तिथं कुणी लिंबू पिळत नाही.

ग्रॅनाईट हा बाजारातला शब्द आहे, भूगर्भशास्त्रातला नव्हे. ओट्यांसाठी सगळ्यात जास्त खपणारा काळा ‘ग्रॅनाईट’ बहुतेकदा शास्त्रानं ग्रॅनाईट नसतोच. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात, ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. तो गॅब्रो जातीचा दगड आणि ते ठिपके ब्रॉन्झाईट नावाच्या खनिजाचे. तपकिरी-काळा ‘टॅन ब्राऊन’ तेलंगणातल्या करीमनगरकडचा, आणि राजस्थानातल्या जालोरचा माल ग्रॅनाईट म्हणूनच ओळखला जातो. नावाशी आपल्याला काय करायचंय म्हणा. आंबटानं न झिजणारा, कढईच्या उष्णतेला न घाबरणारा, सुरीनं न ओरखडणारा दगड हवा, एवढंच.

खरी गंमत दुकानात. अमरावतीच्या घराचा ओटा बदलायचा ठरला तेव्हा सासूबाई माझ्याबरोबर आल्या. पिशवीत एक लिंबू, पाण्याची बाटली आणि माझ्या मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर. दुकानदारानं एकापाठोपाठ एक पाट्या दाखवल्या.

“काकू, हा बघा, एकदम प्युअर ब्लॅक हाये.”

“थे चमक राहू द्या भाऊ,” सासूबाई म्हणाल्या, “मले जरा कोपरा पुसू द्या.”

रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस त्यांनी पाटीच्या कोपऱ्यावर चांगला घासला. कापूस काळा. दुकानदार म्हणाला, “थे पॉलिशचं असते, काकू.” सासूबाईंनी शेजारच्या पाटीवर तेच केलं, तिथं कापूस पांढराच राहिला. करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात, तो रंग वर्षा-दोन वर्षांत साबणानं उतरतो आणि ओटा ठिपक्याठिपक्यानं म्हातारा होतो. मग पाटीवर पाण्याचे चार थेंब टाकून आम्ही चहा घेतला. पंधरा मिनिटांनी पुसल्यावर जिथं ओला डाग राहिला तो दगड पाणी पितो, म्हणजे हळद आणि तेलही पिणार. लिंबाचा थेंब राहिला होता, तोही टाकला. दगड जसाच्या तसा.

शेवटची परीक्षा पाठीची, आणि ती सहसा कुणी करत नाही. पाटी उभी असते तेव्हा तिच्या मागच्या बाजूवर पाणी मारायचं आणि वाळू द्यायची. सगळी पाटी वाळते पण एखादी रेघ ओलीच दिसत राहते. ती केसासारखी चीर. मागे जाळी चिकटवलेली असेल तर लगेच फसवणूक समजू नये, नाजूक जातीच्या दगडाला कारखान्यातच जाळी लावतात. पण का लावली हे विचारावं. आणि पाटी दुकानाच्या ट्यूबलाईटखाली नव्हे, बाहेर उन्हात बघावी. आमच्याकडे उन्हाला कधी तोटा नाही.

मापाचं एक सांगते. लहान ‘कटर’ मशीनवर कापलेल्या पाट्या साधारण दोन-अडीच फूट रुंद, मोठ्या ‘गँगसॉ’वरच्या त्याच्या दुपटीहून जास्त. भाव स्क्वेअर फुटाचा. दहा फुटांच्या ओट्याला कटरच्या पाटीत बहुधा एक जोड येतोच, कारण तेवढी लांबी मिळत नाही. बिलात मग गोलाई वेगळी, सिंकचं भोक वेगळं, शेगडीचं भोक वेगळं, हमाली वेगळी. सगळं आधी कागदावर लिहून घ्यावं. हमाली महाग वाटली तर वजनाचा हिशेब करावा: अठरा मिलिमीटर जाडीचा काळा दगड स्क्वेअर फुटाला पाचेक किलो भरतो, म्हणजे दहा बाय दोनचा ओटा शंभर किलोच्या घरात. तो आडवा उचलला तर स्वतःच्या वजनानंच मोडतो, म्हणून उभाच न्यायचा.

आता बसवणं. माझ्या मते ओटा बिघडतो तो इथंच. दगडाला नावं ठेवतात ती बहुतेक उगाच.

आमच्याकडे फिटिंगला आलेला मिस्त्री राजस्थानचा, सोबत सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. पोराच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तिच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेलं भोक. मिस्त्री कटर चालवी आणि पोरगा चकतीच्या पुढे पुढे पाण्याची धार धरी. राखाडी गाळ खाली ओघळत होता. धार थांबली की क्षणात पांढरा धुरळा उठे आणि मिस्त्री ओरडे. सिंकच्या भोकाचे चारही कोपरे त्यानं आधी ड्रिलनं गोल पाडले आणि मगच सरळ कापलं. मी विचारलं तर म्हणाला, काटकोन ठेवला की चीर तिथूनच निघते. सिंकच्या पुढे दगडाची पट्टी तीन इंचांहून कमी ठेवायची नाही हेही त्याचंच. जोड त्यानं सिंकपासून लांब घेतला, कारण जोडाला पाणी लागत राहिलं की भरलेली लापी सुटते. शेवटी ओट्याच्या पुढे आलेल्या काठाला खालून कटरनं एक बारीक खाच मारली. ओघळणारं पाणी त्या खाचेशी येऊन खाली टपकतं, मागं कपाटात जात नाही. ही खाच मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आमच्या आधीच्या ओट्याला ती नव्हती, आणि प्लायवूडची दारं पाच वर्षांत फुगली.

उंचीवर वाद झाला. मिस्त्रीचं माप बत्तीस-तेहतीस इंचाचं, ते बरोबरही आहे. पण आमच्या सासूबाई पाच फुटांच्या आत. उभं राहून हात कोपरात दुमडायचा आणि कोपरापासून चार इंच खाली ओटा, हे माप पोळ्या लाटायला बरं. शेगडीचं निराळं: शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, तिच्यावर कुकर, तिथं ओटा तेवढा खाली घेतला तर खांदे दुखत नाहीत. दोन पातळ्यांचा ओटा दिसायला ओबडधोबड दिसतो. आम्ही केला.

इथल्या काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घर थोडं हलतं, भिंतीला रेघ पडते, आणि ओटा जिथं भिंतीला टेकतो तो सांधा उघडतो. त्यात पांढरं सिमेंट भरलं की वर्षभरात पुन्हा फटतं, कारण ते लवत नाही. तिथं सिलिकॉन भरावं. झुरळांनाही वाट राहत नाही. आणि अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, ओटा बसवायचाच असेल तर खालच्या मसाल्याला दोन-तीन दिवस पाणी मारत राहा. नाहीतर तो मुरायच्या आधीच वाळतो आणि दगड पोकळ वाजतो.

देखभालीवर पानंच्या पानं लिहिता येतील, पण वऱ्हाडात खरा शत्रू एकच, पाणी. अमरावती, अकोला, बुलडाण्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. नळाला काटेपूर्णेचं किंवा अप्पर वर्धेचं गोड पाणी येतं, पण तो रोज येत नाही, आणि भांड्यांना बोअरचं पाणी वापरलं जातं. काळ्या चकचकीत ओट्यावर ते वाळलं की सिंकभोवती पांढरी क्षारांची झालर. काळा रंग मळखाऊ असतो असं म्हणून तो घेतात. कणीक, क्षार, बोटांचे ठसे, सगळं सगळ्यात आधी काळ्यावरच दिसतं. मळखाऊच हवा तर तपकिरी ठिपक्यांचा घ्यावा. झालर आली की बायका संडास धुवायचं ॲसिड आणतात. ग्रॅनाईट एकवेळ तगेल, पण सांध्यांतलं सिमेंट आणि सिंकचं स्टील नाही तगणार. कडप्प्याला तर ते विषच. रात्री झोपताना कोरड्या फडक्यानं ओटा पुसून टाकणं एवढाच इलाज, कंटाळवाणा आणि बिनखर्चाचा. हळदीचा डाग फिकट दगडावर पडला तर त्यावर उन्हाची तिरीप येऊ द्यावी, हळदीचा रंग उन्हानं उडतो. तेलाच्या डागावर टाल्कम पावडरचा लेप रात्रभर. फिकट ग्रॅनाईटला सीलर लावावा, दाट काळ्याला त्याची गरज नसते.

आता नव्या सोसायट्यांत ‘क्वार्ट्झ’ची हवा आहे. पांढरा, निर्मळ, एकसारखा. दगडाची भुकटी आणि राळ दाबून केलेली ही पाटी डाग पीत नाही हे खरं. पण राळ उष्णतेला भिते. शेगडीवरची कढई सरळ टेकवायची सवय असेल तर ती सवय सोडा किंवा क्वार्ट्झ सोडा. शिवाय त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असू शकते, आणि ती कोरडी कापताना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. खऱ्या ग्रॅनाईटमध्येही सिलिका असतेच, कमी इतकंच. म्हणून मिस्त्री घरी आला की पाण्याची बादली त्याच्याजवळ ठेवावी, तोंडाला बांधायला मास्क द्यावा, आणि पाणी सांडतंय म्हणून कुरकुर करू नये. आमच्या जुन्या ठेकेदारानं फरशी ओली होते म्हणून सगळं कोरडंच कापून घेतलं होतं. घरभर आठ दिवस पांढरं. त्या कारागिराचा चेहरा मला अजून आठवतो, पापण्यांपर्यंत पिठासारखा.

भाचीच्या ओट्याच्या वेळी मी एकच गोष्ट हट्टानं मागून घेतली: सिंकचं भोक पाडताना निघालेला तुकडा. तो आपल्या पैशांचा असतो, पण मागितला नाही तर टेम्पोत परत जातो. मिस्त्रीकडून त्याच्या कडा घासून घेतल्या. शंकरपाळ्यांची पोळी त्याच्यावर लाटायला छान, दगड गार असल्यानं तूप सुटत नाही. बाकी वर्षभर तो गॅलरीत असतो. त्याच्यावर आईचा अकोल्याहून आणलेला काळ्या पाषाणाचा पाटा ठेवलाय, खाली टाइल फुटू नये म्हणून. आणि ठेचा करायचा झाला की भाची अजून तिथंच, खाली बसते.