आजीसाठी विनाड्रायव्हर गाडी!

लास व्हेगासमध्ये सप्टेंबर २०२५पासून ‘झूक्स’ची विनाड्रायव्हर टॅक्सी धावतेय. स्टिअरिंग नाही, चार सीट्स समोरासमोर. एकदम कूल! मी इंटिरिअर डिझायनर, गाव कुणकेश्वर. आजीला फोटो दाखवला, तर म्हणाली, "आणि माका उतरवतलो कोण?"

बोला! इथे महाशिवरात्रीला समुद्रस्नान करून लोक वाळूसकट शेअर रिक्षात शिरतात. मे महिन्यात हापूसच्या पेट्या. कोण कडेला, पेटी कुठे, सगळं रिक्षावालाच जुळवतो. तोच नसेल, तर त्याची समज गाडीतच उतरवायला हवी: दुमडणारी सीट, धुता येणारं मॅटिंग, दाराशी दांडी. आणि आपलेपणा? मुंबईत २०१५मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’नं तरुण डिझायनर्सची चित्रं काळी-पिवळीच्या सीटांवर, छतावर चढवली होती. तसं कुणकेश्वरच्या लाटांचं कापड मला करायचंय. पण आधी दांडी, आजीच्या उंचीची.