पाकिटाऐवजी नाटकाचं तिकीट : सिंगापूरकडून घेण्यासारखं काही



लग्न असो, साठी असो, नव्या घराची पार्टी असो, आपण पाकीट देतो. शंभर द्यायचे असले तरी वर एक ठेवून एकशे एक करतो. सिंगापूरच्या चिनी लोकांचंही असंच आहे. त्यांच्या नववर्षाला लाल पाकिटात पैसे घालून देतात, त्याला ‘होंगबाव’ म्हणतात. फरक एवढाच की आपल्याला विषम आकडा शुभ वाटतो आणि त्यांना सम. त्यातही चार हा आकडा ते टाळतात, कारण चिनी भाषेत चारचा उच्चार मरणाच्या शब्दासारखा होतो. आकडे वेगळे, पण माया तीच.

पाकिटाच्या जोडीला आता भेटकार्ड आलं आहे. हे आपल्याला नवीन नाही. नव्याच्या सणाला आणि पेसाखला कारखान्यातून, ऑफिसातून ‘तलुशीम’ मिळतात ते हेच की! पण आपले तलुशीम जातात कुठे? तेल, तांदूळ, चादरी, फार तर एखादा मिक्सर. त्यातून नाटकाला किंवा गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो, असं सांगणारा विरळाच. सिंगापूरने मात्र भेटीचे पैसे थेट तिकिटाच्या खिडकीवर नेऊन ठेवले. ते कसं, आणि आपल्या मंडळांना त्यातून काय घेता येईल, ते सांगण्याकरिता हा लेख.

सिंगापूरने काय केलं?

पहिला मोठा प्रयोग कोरोनाच्या काळातला. एप्रिल २०२० मध्ये सिंगापूर बंद झालं, विमानं थांबली, पाहुणे येईनात. प्राणिसंग्रहालय, संग्रहालयं, सहली दाखवणारे गाईड, सगळे रिकामे बसले. तेव्हा सरकारने १८ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला शंभर सिंगापूर डॉलरची कूपनं दिली. ‘सिंगापोरिडिस्कव्हर्स व्हाउचर’ असं त्याचं नाव, म्हणजे आपलंच शहर पुन्हा पाहा! डिसेंबर २०२० पासून ती वापरात आली. दहा-दहा डॉलरचे भाग होते आणि त्यातून हॉटेल, सहल किंवा प्रेक्षणीय स्थळाचं तिकीट घेता येत असे. रोख पैसे मिळत नसत. या योजनेला सुमारे ३२ कोटी डॉलर बाजूला काढले होते.

दुसरा प्रयोग अगदी अलीकडचा आणि आपल्या विषयाच्या जास्त जवळचा. २०२५ साली सिंगापूरच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ‘एसजी कल्चर पास’ जाहीर केला. त्या वर्षी १८ किंवा जास्त वयाच्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर शंभर डॉलर जमा झाले. हे पैसे १ सप्टेंबर २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत वापरता येतात, तेही फक्त तिथल्या स्थानिक कला आणि वारसा कार्यक्रमांकरिता: नाटक, नाच, संगीत, प्रदर्शन, जुन्या वस्तीची माहिती देणारी फेरी. परदेशी पॉप गायकाच्या जलशाला हे पैसे चालत नाहीत. तिकीट नेहमीच्याच तिकीट कंपनीकडून काढायचं, आणि पासात पैसे कमी पडले तर वरचे खिशातून भरायचे.

आता कोणी म्हणेल, ही तर सरकारी खिरापत, याचा भेटकार्डाशी काय संबंध? संबंध असा की बारशाला घातलेल्या पाकिटासारखाच हा पैसा दुसऱ्याने दिलेला आहे, पण त्याला दिशा दिलेली आहे. हातात रोख शंभर डॉलर आले असते तर ते किराण्यात, वीजबिलात कधी विरघळले, हे कळलंही नसतं. पासावरचे शंभर डॉलर माणसाला म्हणतात, चल, ऊठ, काहीतरी पाहायला जाऊ!

कार्यक्रम करणाऱ्याचा फायदा

मंडळाचा कार्यक्रम ज्याने एकदा तरी केला असेल त्याला ठाऊक आहे, की खर्च आधी येतो आणि उत्पन्न मागून. हॉलचं भाडं आगाऊ, कलाकारांची विमानाची तिकिटं आगाऊ, ध्वनिव्यवस्थेवाल्याला आगाऊ. तिकिटं मात्र शेवटच्या आठवड्यात खपतात, आणि तोवर सेक्रेटरीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. भेटकार्ड विकलं की पैसे आधी हातात येतात.

दुसरा फायदा तारखेचा. आईला वाढदिवसाला नाटकाचं तिकीट द्यायचं, तर त्या दिवशी तिचं गुडघ्याचं दुखणं निघणार नाही कशावरून? मुलगा विचार करतो, नको बाबा, साडीच घेऊ. भेटकार्डात ही अडचण नाही. मुलाने रक्कम द्यायची, कार्यक्रम आणि दिवस आईने ठरवायचा.

तिसरा फायदा नव्या प्रेक्षकाचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. स्वतःच्या पैशाने तिकीट काढणारा माणूस आधीपासून नाटकाचा शौकीन असतो. भेट मिळालेला माणूस तसा असेलच असं नाही. सिंगापूरमध्ये समुद्राकाठी एस्प्लनेड नावाचं मोठं नाट्यगृह आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये ते उघडलं. त्याच्या काटेरी छपरामुळे लोक त्याला ‘दुरियन’ म्हणतात. दुरियन म्हणजे आपल्या फणसासारखं तिथलं फळ. तिथे दर वर्षी ‘कला उत्सवम्’ हा भारतीय कलांचा महोत्सव भरतो. आता कल्पना करा, एखाद्या चिनी शेजाऱ्याकडे पासातले वीस डॉलर उरलेत. खिशातून तो भरतनाट्यमला कदाचित गेला नसता, पण उरलेल्या पैशात जाऊन बघतो. त्याला ते आवडलं तर पुढच्या वर्षी तो आपल्या पैशाने येईल.

चौथा फायदा हिशोबाचा. कार्ड पन्नासचं आणि तिकीट चाळीसचं असेल, तर उरलेले दहा वाया घालवायचे नाहीत म्हणून माणूस पुन्हा येतो, नाहीतर वर तीस घालून बायकोलाही बरोबर आणतो. दोन्हींत खुर्ची भरते. रिकामी खुर्ची कोणाच्याच कामाची नाही. पडदा उघडला की तिची किंमत शून्य.

आणि कार्यक्रम रद्द झाला तर? कोरोनात जगभर हेच झालं. ज्यांच्याकडे जमा रकमेची पद्धत होती, त्यांना पैसे परत किंवा पुढच्या कार्यक्रमाला जमा, असे दोन पर्याय प्रेक्षकांपुढे ठेवणं सोपं गेलं.

पण सांभाळून!

नाण्याची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. आगाऊ घेतलेला पैसा हा नफा नव्हे, ते कर्ज आहे. ज्याने कार्ड घेतलं त्याला कार्यक्रम दाखवायचा शब्द आपण दिलेला असतो. ते पैसे चहा-समोशात खर्च झाले आणि नाटक आलंच नाही, तर मंडळाची अब्रू जाते. दुकान किंवा कंपनी बुडाली की आगाऊ पैसे भरलेला गिऱ्हाईक देणेकऱ्यांच्या रांगेत बहुधा मागेच उभा राहतो.

मुदतीचंही भान हवं. अमेरिकेत २०१० पासून भेटकार्डाचे पैसे निदान पाच वर्षं तरी बुडवता येत नाहीत, असा कायदा आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने बँकांच्या भेटकार्डांवर जास्तीत जास्त दहा हजार रुपयांची मर्यादा घातली आहे आणि निदान एक वर्षाची मुदत सक्तीची केली आहे. सहा महिन्यांनी रद्द होणारं कार्ड विकून कोणाचे पैसे गिळू नयेत, एवढं साधं तत्त्व.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेचे सहा कार्यक्रम सिंगापूरला झाले. तिकिटांकरिता झुंबड उडाली आणि खोटी तिकिटं विकणाऱ्या भामट्यांचंही फावलं. भेटकार्डाचंही तसंच आहे. फोनवर कोणी अनोळखी माणूस कार्डावरचा नंबर मागत असेल, तर तो चोर समजावा. खरं सरकारी खातं किंवा बँक भेटकार्डात पैसे कधीच मागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

आणि वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर चौथी गोष्ट. सिंगापूरची ही कूपनं सरकारी ओळखखात्यातून, म्हणजे मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर चालतात. ज्याला ते जमत नाही, त्याच्याकरिता मदतीला माणूस लागतो. मराठी नाटकाचा खरा प्रेक्षक तर हाच! तेव्हा नुसत्या मोबाईलवर भरवसा ठेवून चालणार नाही.

आपल्याला काय करता येईल?

अश्दोद, लोद, दिमोना, बेर शेवा, जिथे जिथे आपली माणसं जमतात तिथे हे छोट्या प्रमाणात करून पाहता येईल. त्याला मोठी कंपनी लागत नाही. नंबर घातलेली, शिक्का मारलेली पन्नास कार्डं छापावीत. एका वहीत नंबर, रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लिहावं. मुदत कार्डावरच ठळक अक्षरांत मराठीत आणि हिब्रूत छापावी, आणि ती लांब ठेवावी. आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून, कार्यक्रम पार पडल्यावरच खर्चाला घ्यावा. कार्यक्रम झाला नाही तर पैसे परत, हे आधीच लिहून द्यावं.

आपल्या कार्यक्रमांना दर वर्षी काही ओळखीचे चेहरे कमी दिसतात. जी पिढी मुंबई, पुणे, अलिबागहून मराठी बरोबर घेऊन आली, ती थकली आहे. त्यांच्या नातवंडांना मराठी थोडी समजते, बोलता येत नाही. ती आपणहून तिकीट काढतील अशी आशा धरून बसलो, तर एक दिवस पडदा उघडेल आणि समोर फक्त खुर्च्या असतील. पण आजीने नातीच्या हातात दोघींचं कार्ड ठेवून म्हटलं, “चल गं माझ्याबरोबर, मला एकटीला जायला नको वाटतं,” तर कुठली नात नाही म्हणेल? नाटक संपूर्ण कळो न कळो, आजी कुठे हसली ते तिला कळेल. तिथून पुढचं ती विचारत बसेल.

तेव्हा येत्या नव्याच्या सणाला पाकीट भरताना जरा विचार करा. एकशे एक जरूर द्या. पण त्यातला एखादा हिस्सा नाटकाच्या, गाण्याच्या कार्डाचा असू द्या. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, तुम्ही ते छापायची तयारी आजपासूनच करा!