गाडीचा टप हीच अर्धी अँटेना

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आकडे पटापट निघून जातात, ते इथे सावकाश बघता येतील.

मेसेजमध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "दादा, गाडीत सीबी रेडिओ लावायचाय, अँटेना कुठली घेऊ?" अमेरिकन ट्रकवाल्यांचे व्हिडिओ बघून ही हौस येते, मीही ते बघतो. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा सीबीचा पट्टा आहे आणि 5 वॅटपर्यंत, अटींसह, त्याला लायसन्समधून सूट आहे. ते 5 वॅट अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ताकदीचे मोजतात, म्हणजे अँटेनाही हिशोबात आली. शिवाय बाहेरून आणलेल्या 40 चॅनेलच्या अमेरिकन सेटचे 28 पासून पुढचे चॅनेल आपल्या पट्ट्याच्या बाहेर जातात. तिथे बटण दाबलं की सूट संपली.

पण खरी अडचण लांबीची आहे. 27 मेगाहर्ट्झची लहर साधारण 11 मीटर. गाडीवर चालते ती पाव लहरीची अँटेना, म्हणजे पावणेतीन मीटर. ती दीड मीटर उंच गाडीवर उभी केली की सव्वाचार मीटर झाले. लिंबाच्या फांद्या, गल्लीतल्या वायरी, पेट्रोल पंपाचं छत, सगळ्यांना नमस्कार करत जावं लागेल. म्हणून कंपन्या तार कॉइलमध्ये गुंडाळून मीटरभराची अँटेना विकतात. ती चालते, पण ताकदीचा मोठा हिस्सा कॉइल गरम करण्यात जातो आणि ट्यूनिंगही फार काटेकोर होतं. एवढं करून सोलापूर-अक्कलकोट रोडवर पलीकडून उत्तर देणार कोण?

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: हॅमचं लायसन्स काढा आणि 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या. एएसओसीच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. बीटेक तर नाहीच नाही. मात्र लायसन्स हातात येईपर्यंत सेट घेऊ नका. ऑनलाइन मिळतो म्हणजे कायदेशीर, असं समजू नका. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स प्लॅटफॉर्म्सना याच कारणावरून नोटिसा काढल्या.

ही फक्त हौस आहे का? 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जवळच्याच भागातली गोष्ट. तेव्हा मोबाइल नव्हतेच, आणि मदतीच्या कामात निरोप पोचवायला हॅम मंडळी उतरली होती. आज टॉवर आहेत, पण टॉवरलाही वीज लागते. अशा वेळी गाडीची बॅटरी आणि नीट बसवलेली अँटेना एवढं पुरतं.

आता अँटेना. 145 मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरच्या आसपास, पाव लहरीची काडी प्रत्यक्षात साधारण 49 सेंटीमीटर. सायकलच्या स्पोकपेक्षा जेमतेम दीडपट लांब काडी. पण काडी ही अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे खालचा लोखंडी पत्रा. काडीत जितका करंट वर जातो, तितकाच टपात पसरावा लागतो. म्हणून जागा टपाच्या मधोमध, जिथे चारी बाजूंना अर्धा मीटर तरी पत्रा मिळेल. डिकीच्या कडेला लावली तर सिग्नल एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी जातो. काचेच्या मोठ्या सनरूफची गाडी असेल तर पत्राच उरत नाही, मग डिकीची कडच बरी. (सनरूफवाल्यांनो, राग मानू नका.)

मॅग्नेट माउंट घ्या, टपाला भोक पाडायची गरज नाही. फक्त खालची धूळ आधी पुसा. आपल्याकडच्या धुळीने मॅग्नेटखालचा पेंट सँडपेपरसारखा घासला जातो.

सव्वा मीटरची "जास्त गेन"वाली पाच-अष्टमांश अँटेना घ्यावी का? सपाट माळरानावर थोडा फायदा होतो, पण अंतर मुळात उंचीवर ठरतं. दोन्ही गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर धरल्या तर रेडिओचं क्षितिज जेमतेम 11-12 किलोमीटर. समोरच्याची अँटेना गच्चीवर 10 मीटर उंच असेल तर तेच 18-19 होतं. कुंभारीतून सोलापूर शहर आरामात, अक्कलकोटला मात्र मध्ये रिपीटर हवा. ते जास्तीचे पैसे मी गच्चीवरच्या पाइपात घालीन.

ट्यूनिंगला एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए लागतो. गाडी मोकळ्या जागेत लावा, पत्र्याच्या शेडपासून लांब. दारं बंद, मॅग्नेट कायमच्या जागी, हात काडीपासून दूर. मीटर वापरत असाल तर आधी चॅनेल ऐका, रिकामा असेल तर कमी पॉवरवर कॉलसाइन सांगून बटण दाबा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, मध्ये आणि वरच्या टोकाला मोजा. खाली आकडा चांगला आणि वर वाईट असेल तर काडी लांब आहे, कापा. उलट असेल तर काडी आखूड आहे, स्क्रू सैल करून थोडी वर ओढा. आणि कापायचं म्हणजे किती? इथे 1 मिलिमीटरला साधारण 300 किलोहर्ट्झ सरकतात. 144 ते 146 हा अख्खा पट्टा 7 मिलिमीटरमध्ये बसतो! म्हणून पक्कड बाजूला ठेवा, कानस घ्या आणि दर वेळी घासून झालं की परत मोजा.

दीडच्या खाली आलात की थांबा. दीडला फक्त 4 टक्के ताकद परत येते, दोनला 11, तीनला 25. मंडळी 1.3 चं 1.1 करायला दिवस घालवतात आणि तिकडे पाच मीटरची बारीक आरजी-58 केबल गुपचूप 20 टक्के खाते. केबल लागेल तेवढीच ठेवा.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एसडब्ल्यूआर म्हणजे सर्व्हरचं 200 ओके. रिक्वेस्ट पोचली एवढंच कळतं, डेटा बरोबर आहे की नाही ते नाही. डमी लोडचा एसडब्ल्यूआर अगदी 1 येतो आणि सिग्नल कोपऱ्यापर्यंतही जात नाही. त्यामुळे शेवटची टेस्ट माणसाबरोबर करा. ओळखीच्या हॅमला बोलवा, गाडी हळूहळू गोल फिरवा आणि कुठल्या दिशेला आवाज पडतो ते त्याला विचारा.

रे नगरच्या घरांच्या रांगांमध्ये गाडी उभी असताना आवाज अचानक फाटला तर अँटेनाला शिव्या देऊ नका. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात. अर्धा-एक मीटर पुढे घ्या, बहुतेक वेळा आवाज परत येतो.

50 वॅटचा सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, 10 अँपिअरच्या वर करंट ओढतो. थेट बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज बॅटरीजवळ. ते जोडकाम आणि एएसओसीचा सिलॅबस, दोन्ही पुढच्या भागात.