अंख : नाकाशी धरलेले जीवन

प्राचीन इजिप्तच्या मंदिरांतील भित्तिशिल्पांमध्ये एक दृश्य पुन:पुन्हा आढळते. एका बाजूस राजा उभा असतो, समोर देवता. देवतेच्या हातात एक छोटी वस्तू असते. वर लांबट गोल कडे, त्याखाली आडवी दांडी आणि मधोमध खाली उतरणारी उभी दांडी. ही वस्तू देवता राजाच्या हाती देत नाही, मस्तकावरही ठेवत नाही. ती थेट त्याच्या नाकाशी नेते.

या वस्तूचे नाव ‘अंख’. त्याचा अर्थ जीवन. ते नाकाशी का न्यायचे, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. श्वास चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मरणासन्न माणसाच्या नाकाशी सूत धरण्याची रीत आपल्याकडे होती आणि ‘नाकाशी सूत धरणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच उरला आहे. नाइलकाठच्या लोकांनाही जीवन हे प्रथम श्वासातच दिसले. देव राजाला जगण्याचा वर देतो, म्हणजे त्याच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो, असे हे चित्र सांगते.

अंख हे नुसते प्रतीक नव्हे, ते एक लिपिचिन्हही आहे. इजिप्तच्या चित्रलिपीत काही चिन्हे एका व्यंजनाची, काही दोन तर काही तीन व्यंजनांची असतात. अंख हे तीन व्यंजनांचे चिन्ह. पहिले व्यंजन अरबीतील ‘ऐन’सारखे घशातले, मग ‘न’ आणि शेवटी घासून उच्चारलेला ‘ख’. ही लिपी स्वर लिहीत नसे, त्यामुळे ‘अंख’ हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी स्वीकारलेला आहे. हिंदीतील ‘आँख’शी त्याचे जुळणारे ध्वनी हा निव्वळ योगायोग होय. त्यावर कोणी डोळ्याचे तर्क उभारू नयेत.

हे चिन्ह मुळात कशाचे चित्र आहे, यावर मात्र शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ ॲलन गार्डिनर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणग्रंथात चित्रलिपीच्या चिन्हांची वर्गवारी केली. तिच्यात मुकुट, वस्त्रे आणि दंड यांच्या गटात ३४ व्या क्रमांकावर अंख आहे. गार्डिनर यांच्या मते तो चपलेचा बंद. वरचे कडे घोट्याभोवती येते आणि खालची दांडी अंगठ्याशेजारून तळव्याकडे जाते. देवाच्या हातातील जीवनचिन्हाचे मूळ पायताणात शोधणे अनेकांना विचित्र वाटले. पण चपलेच्या बंदाला त्या भाषेत याच व्यंजनांचा शब्द होता, हा त्यामागचा आधार. ‘जीवन’ या अमूर्त कल्पनेचे चित्र काढता येत नाही. म्हणून सारख्या ध्वनीच्या वस्तूचे चित्र काढावयाचे, ही त्या लिपीची नेहमीचीच युक्ती होती.

दुसरा पक्ष म्हणतो, ही कापडाची किंवा वेताची गाठ आहे. या मताला जुन्या नमुन्यांचे बळ मिळते. इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास, म्हणजे पहिल्या राजघराण्याच्या काळातील काही अंखांमध्ये खालची दांडी एकसंध नसून दोन सुटी टोके लोंबत असल्यासारखी दिसते. इसिस देवीशी जोडली गेलेली ‘तयेत’ नावाची गाठही दिसावयास अंखची सख्खी बहीणच वाटते. फरक इतकाच, की तिच्या आडव्या भुजा खाली वळलेल्या असतात. फ्रेंच अभ्यासक व्हिक्टर लोरे यांनी आरशाचा तर्क मांडला होता. अलीकडे बैलाच्या पाठीच्या मणक्याचीही कल्पना पुढे आली. यांत गाठीचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण तो नंतरच्या सुबक रूपावर नव्हे, तर सर्वांत आधीच्या रूपावर उभा आहे. मणक्याची कल्पना चतुर खरी, पण तिला त्या काळच्या लेखनाचा आधार नाही.

आणखी एक स्पष्टीकरण आपल्याकडे विशेष आवडीने सांगितले जाते. कडे म्हणजे स्त्रीतत्त्व, दांडी म्हणजे पुरुषतत्त्व आणि दोहोंचे मीलन म्हणजे अंख. लिंग-योनीची उपमा हाताशी असल्याने ते चटकन पटते. परंतु ही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखकांची आवडती मांडणी आहे. इजिप्तच्या स्वत:च्या लेखनात तिला दुजोरा मिळत नाही. ‘जीवनाची किल्ली’ हे लोकप्रिय नावही असेच मागाहून चिकटलेले. तिथल्या देवांनी अंखने कोणतेही कुलूप उघडलेले नाही.

अंखचा खरा अर्थ कळतो तो या शब्दाच्या वापरातून. आरशाला तिथे ‘अंख’ म्हणत, फुलांच्या गुच्छालाही. शपथेसाठीही हाच शब्द होता, कारण शपथ घ्यायची ती राजाच्या अथवा देवाच्या जिवाची. कोणाच्या तरी जिवाची शपथ घालणाऱ्या मराठी माणसाला त्यात काही नवल वाटणार नाही. मूर्तिकाराला ‘स-अंख’ म्हणत. शब्दश: ‘जिवंत करणारा’. दगडातून मूर्ती घडली, की ‘मुख उघडण्याचा’ विधी करून तिला श्वास घेण्यास आणि नैवेद्य ग्रहण करण्यास समर्थ केले जाई. प्राणप्रतिष्ठेची कल्पना ठाऊक असलेल्या वाचकाला हा शब्द सहज उमगेल. मंदिराला जोडून असलेल्या ज्या वास्तूत ग्रंथांच्या नकला होत, वैद्यक आणि धर्मविधींचे ज्ञान जतन केले जाई, ती ‘पेर-अंख’ म्हणजे जीवनगृह. आणि शवपेटीचे एक नाव होते ‘नेब-अंख’, जीवनाचा स्वामी! मृत्यूचा उच्चार टाळून आपण ‘कैलासवासी’ म्हणतो, तसाच हा प्रकार. मात्र त्यात मृत्यूनंतरही जगणे चालूच राहते ही श्रद्धा अधिक ठसठशीत आहे.

रोजच्या लेखनातही अंख होताच. राजाच्या नावानंतर ‘अंख, वेजा, सेनेब’ म्हणजे आयुष्य, समृद्धी, आरोग्य असे तीन शब्द येत. लेखनिक ते पुरते न लिहिता तीन चिन्हांत उरकत. पत्रलेखनातही हे शुभचिंतन चाले. आपल्या पत्रांतल्या ‘चि.’मागे चिरंजीव होण्याचा आशीर्वाद आहे हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही नसते, तसेच तिथे घडत असावे.

मात्र हे जीवन कोणाला मिळणार, हा प्रश्न साधा नव्हता. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात अखेनातेन या राजाने जुन्या देवतांना दूर सारून अतेन या सूर्यबिंबाची उपासना सुरू केली. त्याच्या काळातील शिल्पांत सूर्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकाशी एक इवलासा हात असतो आणि त्यांतील काही हातांत अंख. हे अंख राजा आणि राणी नेफरतिती यांच्याच नाकाशी धरलेले दिसतात. ऊन सर्वांवर पडते, पण त्यातले जीवन प्रथम राजघराण्याला. इतरांनी ते राजामार्फतच मिळवायचे. सूर्यप्रकाशासारख्या सार्वजनिक गोष्टीचीही अशी वाटणी करता येते, हे त्या शिल्पकारांनी नकळत नोंदवून ठेवले आहे.

हा प्रयोग अखेनातेनबरोबर संपला आणि त्याची खूण एका नावात राहिली. आपल्याकडे ‘तुतनखामेन’ म्हणून परिचित असलेल्या बालराजाचे नाव फोडले तर तुत-अंख-अमुन असे होते. अर्थ, अमुन देवाची जिवंत प्रतिमा. जन्मनाव मात्र तुत-अंख-अतेन होते. देव बदलला, अंख तसाच राहिला. त्याच्या राणीनेही नावातील अतेन काढून अमुनला जागा दिली. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी या राजाचे थडगे शोधले, तेव्हा त्यात अंखच्या आकाराची, सोन्याचा पत्रा मढवलेली लाकडी आरसापेटी सापडली. आरसा आणि जीवन या एकाच ध्वनीच्या दोन शब्दांवर केलेली ही कारागिराची कोटी. आत आरसा नव्हता. प्राचीन काळीच चोरांनी तो लांबवला असावा.

इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत ही लिपी वाचणारे मोजकेच उरले होते. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिस देवाचे भव्य मंदिर ख्रिस्ती जमावाने उद्ध्वस्त केले. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस याने (हा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे) लिहून ठेवले आहे, की तेथील दगडांवर क्रुसासारखी चिन्हे आढळली आणि ती आपलीच असल्याचा दावा दोन्ही बाजूंनी केला. अखेर चित्रलिपी जाणणाऱ्या काही नवख्रिस्तींनी अर्थ सांगितला : येणारे जीवन. ख्रिस्ती मंडळींना ही आपल्या धर्माची भविष्यवाणीच वाटली आणि त्यामुळे आणखी काही लोक धर्मांतरित झाले. चिन्ह अंखचेच असावे, हे वर्णनावरून उघड आहे. अर्थ सांगणाऱ्यांनी ‘जीवन’ बरोबर वाचले. ‘येणारे’ हा शब्द त्या प्रसंगाने जोडला असे म्हणावे लागते. यानंतर थोड्याच काळात, २४ ऑगस्ट ३९४ रोजी, दक्षिणेकडील फिले बेटावर चित्रलिपीतील ज्ञात असलेला शेवटचा लेख कोरला गेला.

लिपी मेली तरी आकार टिकला. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती समाजाने कडे असलेला क्रूस म्हणून अंख आपल्या कलेत सामावून घेतला. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात चौथ्या-पाचव्या शतकातील एक कॉप्टिक हस्तलिखित आहे. त्याच्या अखेरच्या पानावर वेलबुट्टीने विणल्यासारखा मोठा अंख रंगवला आहे आणि भोवती मोर आहेत.

आज अंख गळ्यातील पदकांत, ताईतांत, गोंदणात आणि रहस्यपटांत सर्वत्र दिसतो. १९८३ च्या ‘द हंगर’ या चित्रपटातील रक्तपिपासू पात्रांच्या गळ्यातील अंखमध्ये तर पाते दडवलेले होते. गंमत अशी, की प्राचीन इजिप्तमध्ये स्वतंत्र ताईत म्हणून तो तुलनेने कमीच वापरला जाई. त्यासाठी होरसचा डोळा, शेणकिडा किंवा जेद स्तंभ यांना पसंती असे. अंख प्रामुख्याने देवांच्या हाती शोभणारा.

शब्दाचे नशीब चिन्हापेक्षा निराळे ठरले. प्राचीन इजिप्शियन भाषेचे अखेरचे रूप असलेल्या कॉप्टिकमध्ये तो ‘ओन्ख’ झाला. बोलीभाषा म्हणून कॉप्टिक केव्हाच मागे पडली, पण चर्चच्या प्रार्थनांत ती आजही कायम आहे. तेथील श्रद्धाघोषणेच्या शेवटी, येणाऱ्या युगातील जीवनाची आशा व्यक्त होते तेव्हा, जीवनासाठी उच्चारला जातो तो हाच शब्द.