ही हॉकी खडकीची नव्हे

एखाद्या प्रेमकथेच्या मुखपृष्ठावर ‘हॉकी’ वाचून पुणेकराला धनराज पिल्ले आठवणार. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धुळीत, मोडक्या स्टिका घेऊन खेळायला शिकलेला हा गडी पुढे ४ ऑलिंपिक आणि ४ विश्वचषक खेळला. पण एल केनेडीची ‘द डील’ (२०१५) किंवा हॅना ग्रेसची ‘आइसब्रेकर’ (२०२२) या प्रेमकथांमधली हॉकी बर्फावरची. ११ ऐवजी ६ खेळाडू, चेंडूऐवजी ‘पक’ नावाची रबरी चकती, २० मिनिटांची तीन सत्रं. अंगावर धडकणंही बऱ्याच अंशी नियमातच बसतं, त्यामुळे नायकाच्या फुटक्या ओठाची सोय आपसूक होते! ‘आइसब्रेकर’चं मुखपृष्ठ मात्र फसवं: गोंडस चित्र, आत मजकूर निव्वळ प्रौढांचा. भाचीला वाढदिवसाला देण्याआधी स्वतः चाळा.